बालदम्याचा उद्रेक : रक्तातील खुणा आणि त्यांचे वाचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी व मोशीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पावसालाही आरंभ होतो. वर्ग भरतात, खिडक्या मिटतात, ओले कपडे घरातच दोरीवर वाळत पडतात, आणि सर्दी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. बहुतेक मुले चार-सहा दिवसांत बरी होतात. काहींच्या बाबतीत मात्र दुसऱ्या वा तिसऱ्या रात्री श्वास वाजू लागतो, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाते, आणि पहाटे आईबाप मुलाला घेऊन दवाखाना गाठतात. पुष्कळदा दुपारपर्यंत त्यांच्या हाती रक्ततपासणीचा एक कागद येतो. त्यावर पांढऱ्या पेशींची संख्या, इओसिनोफिलचे प्रमाण, 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' (सीआरपी) या प्रथिनाचा आकडा आणि क्वचित 'आयजीई'चाही आकडा असतो. त्या कागदावरून एक प्रश्न सोडवावयाचा असतो : हा दम्याचा उद्रेक आहे की न्यूमोनिया? आणि उद्रेक असल्यास त्यामागचा संसर्ग प्रतिजैविकाने हटणारा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. न्यूमोनियाला दमा समजले तर मुलाच्या जिवावर बेतते. दम्याला न्यूमोनिया समजले तर मुलाला प्रत्येक पावसाळ्यात प्रतिजैविकांचा निष्फळ मारा सोसावा लागतो, आणि ज्या श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाने पुढचा उद्रेक टळला असता ते त्याला मिळतच नाही. पहिली चूक तत्काळ दिसते. दुसरी वर्षानुवर्षे दिसत नाही, म्हणून ती अधिक वेळा घडते.

ज्या भूमीवर हा प्रश्न उभा आहे तिचा प्रतिजैविकांशी संबंध जुना आहे. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना स्थापन केला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील देशातला हा पहिला औषधनिर्मिती उद्योग होय. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखान्यांची रांग लागली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांहून अधिक भरली. पेनिसिलिनच्या कुपीने ज्या गावाचे नाव देशभर पोहोचवले, त्याच गावात आज ती कुपी केव्हा उघडू नये हे शिकावे लागत आहे. प्रस्तुत लेखात या शिक्षणाचे साधन म्हणून रक्तातील खुणांचा विचार करावयाचा आहे.

२. नावांची पूर्वपीठिका

खुणांकडे वळण्यापूर्वी रोगाच्या नावांकडे पाहणे अवश्य आहे. कारण रुग्णाचा इतिवृत्तांत नावांतूनच वैद्यापर्यंत पोहोचतो. 'दमा' हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीतील 'दम' म्हणजे श्वास. आणि हा 'दम' व संस्कृतातील 'धम्' म्हणजे फुंकणे, हे दोन्ही एकाच इंडो-इराणी मुळापासून निघाले आहेत. 'धमनी' हा शब्दही त्याच धातूचा. त्याचा मूळ अर्थ फुंकण्याची नळी. पाश्चात्त्य वैद्यकातील 'अस्थमा' हा ग्रीक शब्दही धापा टाकणे या अर्थाचा आहे. अर्थात ही दोन्ही नावे केवळ दिसणाऱ्या क्रियेची आहेत. कारणाविषयी ती काहीच सांगत नाहीत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो असे तेथे म्हटले आहे. पीनस म्हणजे पडसे आणि घुर्घुरक म्हणजे घशा-छातीतील घुरघुर यांचा उल्लेख एकत्रच येतो. विशेष म्हणजे ज्वर व मूर्च्छा यांनी युक्त असलेल्या तमकाला 'प्रतमक' असे वेगळे नाव दिलेले आहे. ज्वरासह येणारा श्वास आणि ज्वराविना येणारा श्वास यांत भेद केला पाहिजे, हे त्या निरीक्षकांच्या ध्यानात आले होते. आजची सीआरपीची तपासणी मूलतः याच भेदाचा पाठपुरावा करते.

लोकभाषेत या अवस्थेला अनेक नावे आहेत. 'धाप लागते', 'दम लागतो', 'छाती भरली', 'छाती वाजते', 'पोट उडते' असे मराठी घरांत म्हणतात. उत्तरेकडून आलेल्या कामगार कुटुंबांत 'पसली चलना' हा शब्दप्रयोग ऐकू येतो. यांपैकी 'छाती वाजणे' हे श्वासनलिका आवळल्याचे वर्णन आहे, तर 'पोट उडणे' किंवा 'पसली चलना' हे श्वासाच्या श्रमाचे वर्णन आहे आणि ते न्यूमोनियातही तितकेच लागू पडते. ऐकणाऱ्याने हा भेद न केल्यास रोगनिदानाची दिशा पहिल्या वाक्यातच चुकू शकते.

हीच अडचण १९९१ साली सुरू झालेल्या 'आयझॅक' या बालदम्याच्या आंतरराष्ट्रीय पाहणीला भेडसावली. तिच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात १३-१४ वर्षे वयोगटातील ५६ देशांच्या १५५ केंद्रांतील ४,६३,८०१ मुलांचा समावेश होता. पाहणीच्या भारतीय केंद्रांमध्ये पिंपरीचीही गणना होती. सारी मदार मुलांच्या लेखी उत्तरांवर असल्याने इंग्रजीतील 'व्हीझ' या एका शब्दाचे प्रत्येक भाषेत काय करावयाचे, हा प्रश्न उपस्थित झाला. अनेक भाषांत त्याला नेमका प्रतिशब्दच नव्हता. म्हणून लेखी प्रश्नांच्या जोडीला एक चित्रफीत तयार करण्यात आली. प्रत्यक्ष दम्याची दृश्ये दाखवावयाची आणि 'तुझा श्वास कधी असा झाला होता काय' एवढेच विचारावयाचे. जेथे शब्दावर विसंबता येत नाही तेथे शब्दाबाहेरची खूण शोधावी लागते. रक्ताची परीक्षा हा त्याच शोधाचा पुढचा टप्पा होय.

३. उद्रेकामागील संसर्ग

दम्याच्या मुलाची श्वासनलिका नेहमीच किंचित सुजलेली व चिडखोर असते. उद्रेकात तिचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट स्राव मार्ग अडवतो. हे घडविणारी ठिणगी बहुधा विषाणूची असते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन परिसरात ९ ते ११ वर्षांच्या मुलांची पाहणी करून जॉन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, नोंद झालेल्या उद्रेकांपैकी ८० ते ८५ टक्के प्रसंगी श्वसनमार्गात विषाणू सापडतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूचा होता. या विषाणूचा 'सी' हा गट २००६ नंतर ओळखला गेला. तो लहान मुलांत विशेष तीव्र विकार घडवितो, आणि पेशीत शिरण्यासाठी 'सीडीएचआर-३' नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो, हे २०१५ साली स्पष्ट झाले.

जी सर्दी भावाला नाक पुसण्यापलीकडे त्रास देत नाही, तीच बहिणीला दवाखान्यात का नेते? याचे एक उत्तर २००५ व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दिले. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी विषाणूच्या आक्रमणानंतर 'इंटरफेरॉन' हे संरक्षक द्रव्य पुरेसे निर्माण करीत नाहीत असे त्यांत आढळले. पुढील सर्वच अभ्यासांत ही उणीव सारख्या प्रमाणात आढळली नसली, तरी ॲलर्जीचा दाह आणि विषाणूविरोधी संरक्षण हे एकमेकांना खाली ओढतात, ही कल्पना आता स्थिरावली आहे.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एका घटकाचा विचार करावा लागतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात असे दिसले की, विषाणुसंसर्गापूर्वीच्या आठवड्यात ज्या मुलांच्या श्वासात नायट्रोजन डायऑक्साइड अधिक गेला होता त्यांचा उद्रेक अधिक तीव्र झाला. हा वायू वाहनांच्या धुरातून आणि घरातील ज्वलनातून येतो. नाशिक महामार्गावर मालमोटारींची रांग आणि एका खोलीत स्वयंपाक व झोप ही परिस्थिती जेथे एकत्र येते, तेथे विषाणू व धूर यांना दोन स्वतंत्र कारणे मानून चालणार नाही.

जीवाणूंचे स्थान अधिक गुंतागुंतीचे आहे. कोपनहेगन येथील बिसगार्ड यांच्या गटाने २००७ साली दाखविले की, एक महिन्याच्या अर्भकाच्या घशात न्यूमोकॉकस, हिमोफिलस किंवा मोराक्सेला हे जीवाणू वसलेले असल्यास पुढे दमा होण्याचा संभव वाढतो. २०१० साली त्याच गटाला लहान मुलांच्या घरघरीच्या प्रसंगी विषाणूंप्रमाणे जीवाणूही अधिक प्रमाणात आढळले. तथापि घशात जीवाणू सापडणे आणि तो रोगास कारण असणे यांत अंतर आहे. निरोगी मुलांच्या घशातही हे जीवाणू वास करतात. म्हणून केवळ उपस्थिती पुरेशी नाही; शरीराने त्या उपस्थितीला काय उत्तर दिले हे पाहावे लागते. ते उत्तर रक्तात शोधतात.

४. लक्षणाचे दोष

येथे न्यायशास्त्रातील एक साधन उपयोगी पडते. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष अन्नंभट्टाने तर्कसंग्रहाच्या दीपिकेत सांगितले आहेत. 'गाय म्हणजे कपिल वर्णाची' असे म्हटले तर पांढऱ्या व काळ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ति. 'गाय म्हणजे शिंगे असलेली' असे म्हटले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ति. 'गाय म्हणजे एकसंध खुराची' असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. वैद्यकातील खूण ही व्याख्या नव्हे, तरी तिची परीक्षा याच रीतीने करता येते. रोग असूनही खूण न दिसणे ही तिची अव्याप्ति आणि रोग नसताही खूण दिसणे ही तिची अतिव्याप्ति होय.

दम्याच्या उद्रेकात अव्याप्तीचे सर्वांत भयावह उदाहरण रक्तात नसून छातीत आहे. उद्रेक पराकोटीला गेला की नळ्यांतून वाजण्याइतकीही हवा जात नाही आणि घरघर थांबते. अनुभव नसलेल्या माणसाला मूल शांत झाले असे वाटते. वस्तुतः ती अंतिम धोक्याची सूचना असते. अतिव्याप्तीचे उदाहरण श्वासाच्या गतीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ ते १२ महिन्यांच्या मुलात मिनिटाला ५० वा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० वा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे द्योतक मानतात. हा निकष ग्रामीण सेविकेला सहज वापरता यावा म्हणून मुद्दाम व्यापक ठेवलेला आहे. परंतु दम्याच्या उद्रेकातही श्वास तितकाच जलद असतो. म्हणूनच घरघर असणाऱ्या मुलाला आधी नळ्या मोकळ्या करणारे औषध देऊन पुन्हा श्वास मोजावा, अशी पुरवणी सूचना त्या पद्धतीत आहे. घाईच्या दवाखान्यात ही पुरवणी गळून पडते आणि निकष तेवढा उरतो.

५. उषेच्या रंगाची पेशी

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींतील एक जात. १८७९ साली पॉल एर्लिख यांनी ती वर्णिली. 'इओसिन' या तांबूस रंगाने तिच्यातील कण चटकन रंगतात, यावरून तिचे नाव पडले. मराठीत तिला 'इओसिनरागी' असेही म्हणतात. 'इओसिन' हे नाव ग्रीक 'इओस' म्हणजे उषा या शब्दाशी निगडित आहे, आणि ग्रीक 'इओस' व वैदिक 'उषस्' हे एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत. तेव्हा तपासणीच्या कागदावरील हे परके भासणारे नाव मराठी वाचकाच्या कुळातलेच आहे.

ही पेशी ॲलर्जीजन्य दाहाची साक्षीदार आहे. तिची रक्तातील संख्या अधिक असणाऱ्या दमेकऱ्यांत उद्रेक अधिक येतात आणि स्टेरॉइडचा गुणही अधिक येतो. लहान मुलांच्या बाबतीत तिचा दुसराही उपयोग आहे. अमेरिकेतील टक्सन येथील दीर्घ पाहणीत, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयाच्या तिसऱ्या वर्षापूर्वी छाती वाजलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबला होता. उरलेली कोण, हे आधी ओळखण्यासाठी २००० साली त्याच पाहणीतून जो निर्देशांक काढण्यात आला त्यात आईबापांचा दमा आणि मुलाचा इसब यांच्या जोडीला रक्तातील इओसिनोफिल ४ टक्के वा अधिक असणे ही एक गौण खूण म्हणून घेतली आहे. 'बाळदमा आहे, मोठेपणी जाईल' हे घराघरांतून दिले जाणारे आश्वासन निराधार नाही. मात्र ते सर्वांना सारखेच लागू नाही, एवढे या खुणेवरून म्हणता येते.

परंतु या खुणेची अतिव्याप्ति मोठी आहे. आतड्यांतील जंतांमुळेही इओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या कृमींच्या प्रतिक्रियेतून होणारा, रात्रीचा खोकला व घरघर घेऊन येणारा विकार भारतात जुना आहे. १९४३ साली वाइनगार्टन यांनी त्याला 'उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया' हे नाव दिले. त्यात इओसिनोफिलची संख्या प्रचंड वाढते आणि उपचार दम्याहून सर्वस्वी भिन्न असतो. आयजीईचीही हीच गोष्ट. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे शोधलेले हे प्रतिद्रव्य ॲलर्जीत वाढते, तसेच जंतांतही वाढते. थंड देशांतील पाठ्यपुस्तकातील सीमारेषा येथे जशीच्या तशी आणता येत नाही.

अव्याप्तीही आहे, आणि ती काळाशी जोडलेली आहे. मुलाला रात्री स्टेरॉइडची मात्रा दिली गेली असेल तर सकाळी रक्तातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झालेले असू शकतात. त्याच मात्रेने न्यूट्रोफिल या दुसऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरून सुटून प्रवाहात येतात आणि पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा वाढतो. वाढलेला आकडा व वाढलेले न्यूट्रोफिल पाहून 'जीवाणूंचा संसर्ग' असे अनुमान केले जाते. औषधाने उमटविलेल्या खुणेवरून दुसरे औषध सुरू होते. म्हणून कागदावर आकड्याइतकीच रक्त घेतल्याची वेळ आणि त्यापूर्वी दिलेली औषधे यांची नोंद महत्त्वाची आहे.

या दाहाचे कारकत्व मात्र औषधांच्या प्रयोगांनी पक्के केले. आयजीईला बांधून ठेवणारे 'ओमालिझुमॅब' हे औषध अमेरिकेतील शहरी वस्त्यांतील मुलांना दिले असता, शाळा उघडल्यानंतर येणारी उद्रेकांची हंगामी लाट बव्हंशी ओसरली, असे २०११ साली आढळले. विषाणू तेच, मुले तीच. परंतु ॲलर्जीची बाजू दुबळी केल्यावर सर्दी पुन्हा सर्दीच राहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, रक्ताच्या मायक्रोलीटरमागे १५० वा अधिक इओसिनोफिल असणाऱ्या मुलांना 'मेपोलिझुमॅब' दिले असता उद्रेक २७ टक्क्यांनी घटले. गुण आला, पण प्रौढांत येतो तितका आला नाही. 'पेरिऑस्टिन' या खुणेचे उदाहरण आणखी बोलके आहे. प्रौढांच्या दम्यात ती काही काळ आश्वासक वाटली. मुलांच्या रक्तात ती वाढत्या हाडांमुळेच अधिक असते, म्हणून तिचा तेथे अर्थच लागत नाही. प्रौढांच्या खुणांचा मुलांत शब्दशः अनुवाद करता येत नाही.

६. संसर्गाच्या खुणा

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी लावला. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातील एक द्रव्य न्यूमोकॉकसच्या 'सी' नामक शर्करेशी साका करते, असे त्यांना दिसले. नावातील 'सी' हे अक्षर तेथून आले. हे प्रथिन यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यापासून सुमारे सहा तासांनी ते वाढू लागते आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते. परिणामी आजाराच्या पहिल्या काही तासांत घेतलेले रक्त निर्दोष दिसू शकते, ही अव्याप्ति. ॲडिनोव्हायरससारखे काही विषाणू सीआरपी चांगलेच वाढवितात, ही अतिव्याप्ति. आकडा फार मोठा असेल तर जीवाणूंचा संशय बळावतो, अगदी लहान असेल तर दुबळा होतो. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात आकडा एकटा काहीच ठरवीत नाही.

'प्रोकॅल्सिटोनिन' हे एका संप्रेरकाचे पूर्वरूप. तीव्र जीवाणुसंसर्गात ते वाढते, हे १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी दाखविले. विषाणुसंसर्गात निर्माण होणारे इंटरफेरॉन-गॅमा त्याची निर्मिती दाबते, त्यामुळे दोन प्रकारच्या संसर्गांत भेद करण्यास ते सीआरपीहून काहीसे अधिक समर्थ ठरते. मात्र ही तपासणी महाग आहे.

वरील दोन्ही खुणा जीवाणूचा पक्ष मांडतात. विषाणूचा पक्ष मांडणाऱ्या खुणाही आता उपलब्ध होत आहेत. इंटरफेरॉनच्या प्रभावाखाली रक्तपेशींत निर्माण होणारे 'एमएक्सए' हे प्रथिन विषाणुसंसर्गात वाढते. 'आयपी-१०' हे द्रव्य ऱ्हायनोव्हायरसने घडविलेल्या उद्रेकात रक्तात वाढलेले असते, असे २००७ साली दिसून आले. जीवाणूची एक खूण व विषाणूची एक खूण एकत्र वाचली तर एकीची अतिव्याप्ति दुसरीने आवरता येते, हे या नव्या चाचण्यांमागचे तत्त्व होय. तरीही एक मर्यादा उरतेच. मुलाला विषाणू व जीवाणू यांचा संसर्ग एकाच वेळी झालेला असू शकतो. तेव्हा 'हे की ते' असे विचारणारी चाचणी प्रश्नच चुकीचा विचारीत असते.

विषाणू प्रत्यक्ष ओळखण्याची परंपरा पुणे परिसरात समृद्ध आहे. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. २००९ साली एच-१-एन-१ इन्फ्लुएन्झाच्या साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला तेव्हा या संस्थेच्या चाचण्यांकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. त्या साथीत अनेक देशांतील रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांमध्ये दमा हा वारंवार आढळलेला पूर्वविकार होता. दमेकरी मुलाला इन्फ्लुएन्झाची लस देण्याचा आग्रह यातूनच धरला जातो.

७. प्रतिजैविकाचा न्याय

प्रतिजैविकाविरुद्ध सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्या प्रयोगात अभय बंग व राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देवविले, आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. जेथे औषध पोहोचतच नव्हते तेथे व्यापक निकष हाच योग्य होता. दहा मुलांना अकारण औषध मिळाले तरी अकराव्याचा प्राण वाचत होता. औद्योगिक शहरात परिस्थिती उलट आहे. तेथे औषधाचे दुकान प्रत्येक चौकात आहे, आणि दुर्मीळ आहे ती निदानासाठी लागणारी अर्ध्या तासाची सवड. पाळीवर हजेरी लावावयाच्या कामगाराला मूल उद्या बरे हवे असते. प्रतिजैविकाच्या बाटलीत ते आश्वासन दिसते. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाच्या पंपात दिसत नाही, उलट त्याची 'सवय लागते' ही निराधार भीती दिसते.

दम्याच्या उद्रेकात प्रतिजैविकाचा उपयोग होतो काय, याची परीक्षा १९७४ सालीच झाली होती. पेनिसिलिन कुळातील हेटासिलिन हे औषध तीव्र दम्याने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना देऊन पाहिले असता काही लाभ दिसला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगात प्रौढांना ॲझिथ्रोमायसिन देऊनही लाभ आढळला नाही. त्या प्रयोगाची एक आनुषंगिक नोंद निष्कर्षाहूनही उद्बोधक आहे. चाळणीतून गेलेल्या ४,५८२ रुग्णांपैकी केवळ १९९ जण प्रयोगात घेता आले, आणि वगळलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक रुग्णांना आधीच प्रतिजैविक सुरू झालेले होते. औषध निरुपयोगी आहे काय हे तपासावयास निघालेल्यांना ते न घेतलेला रुग्ण मिळणेच कठीण झाले.

याला छेद देणारा पुरावाही नोंदविला पाहिजे. २०१६ सालीच कोपनहेगनच्या गटाने १ ते ३ वर्षांच्या मुलांत ॲझिथ्रोमायसिनने दम्यासारख्या त्रासाचा काळ सरासरी ७.७ दिवसांवरून ३.४ दिवसांवर आल्याचे दाखविले. हा परिणाम जीवाणू मारल्यामुळे की दाह शमविल्यामुळे, याचा निर्णय एका प्रयोगाने होत नाही. एका मुलाचे चार दिवस वाचविताना वस्तीतील सर्व मुलांच्या जंतूंना त्या औषधाची ओळख करून द्यावयाची काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणूनच दम्याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे उद्रेकात प्रतिजैविके नेमाने देऊ नयेत, फुप्फुसाच्या संसर्गाचा सबळ पुरावा असेल तरच द्यावीत, असे सांगतात. भारतात २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे दुकानदारास बंधनकारक आहे. पण कायदा चिठ्ठीपाशी थांबतो, चिठ्ठीमागील अनुमानापर्यंत पोहोचत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून रक्तातील खुणांचे स्थान निश्चित करता येते. इओसिनोफिल व आयजीई या स्वभावाच्या खुणा आहेत. मूल कोणत्या जातीच्या दम्याचे आहे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी त्याला कोणते प्रतिबंधक औषध हवे, याचा अंदाज त्या देतात, आणि त्यासाठी रक्त शक्यतो उद्रेक शमल्यावर, स्टेरॉइडचा अंमल उतरल्यावर घ्यावे. सीआरपी व प्रोकॅल्सिटोनिन या प्रसंगाच्या खुणा आहेत. ज्वर, छातीचा एखादाच भाग मंद वाटणे, नळ्या मोकळ्या करूनही श्वास जलद राहणे यांसारखी अन्य गमके असतील तेव्हाच त्या बोलत्या होतात. सर्वच मुलांचे रक्त उद्रेकात घेण्याची आवश्यकता नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने उपचार बदलणार नाही ती तपासणी मुलाला एक सुई आणि घराला एक दिवसाची मजुरी एवढेच देते.

आणि एक खूण अशी आहे की तिला ना सुई लागते ना प्रयोगशाळा. उद्रेकाची तीव्रता ठरविताना वैद्य मुलाचे बोलणे ऐकतात. मूल एका श्वासात पूर्ण वाक्य बोलत असेल तर उद्रेक सौम्य वा मध्यम. वाक्य तुटून दोन-तीन शब्दांचे तुकडे पडत असतील तर तो वाढत आहे. आणि एकेका शब्दावर श्वास घ्यावा लागत असेल तर क्षणाचाही विलंब धोक्याचा आहे. वाक्य, पदबंध, शब्द आणि अखेर मौन, अशी ही उतरंड आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ती परिचित आहे. ती मोजण्यासाठी मात्र मुलाला त्याच्या घरच्या भाषेत प्रश्न विचारावा लागतो. परभाषेत विचारलेल्या प्रश्नाला मूल संकोचानेही एका शब्दात उत्तर देते, आणि तो संकोच की धाप, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. चाकणच्या वस्तीत आज मराठवाडी, वऱ्हाडी, खानदेशी, कानडी व भोजपुरी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेथील दवाखान्यात 'काल रात्री काय झालं, सांग बघू' हा प्रश्न मुलाच्या बोलीत विचारणारे एक माणूस असणे, ही रक्ताच्या कागदाइतकीच आवश्यक तपासणी आहे. कागदावरील आकडे त्या उत्तरानंतर वाचावयाचे आहेत, त्याच्या ऐवजी नव्हे.